बटण दाबणारा ते सेटर: भोसरीतल्या एका शॉपमधलं प्रकरण

हे प्रकरण लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. "स्किल वाढवा, स्किल वाढवा" असं पोरांना उठसूट सगळेच सांगतात, पण रोज बारा तास मशीनसमोर उभा असलेल्या पोराने ते स्किल नेमकं कधी वाढवायचं, कुठल्या मशीनवर आणि कोणाच्या परवानगीने, हे कोणी सांगत नाही. नावं दिलेली नाहीत, कंपनीचंही नाही. मुलाला आपण बंड्या म्हणू. मी त्या शॉपमध्ये प्रोडक्शन बघायचो, त्यामुळे यात माझ्याही चुका आहेत आणि त्या जशाच्या तशा लिहिल्यात.

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतलं जॉबवर्कचं शॉप. चार व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीन), दोन सीएनसी लेथ आणि एक जुनी रेडियल ड्रिल, जी मालक विकूही देत नाहीत आणि कोणी वापरतही नाही. माणसं पंचवीस-तीस. काम म्हणजे पंपाची हाउसिंग, एसजी आयर्नचे (एक प्रकारच्या ओतीव लोखंडाचे) ब्रॅकेट, मधूनअधून अ‍ॅल्युमिनियम. सगळ्या सीएनसी मशीनवर फॅनकचा कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर. आमच्या बॅच छोट्या असायच्या, कधी ४० नग कधी ६०, त्यामुळे एक सेटिंग दोन दिवस टिकलं तरी खूप झालं, लगेच दुसरा जॉब यायचा. हे जरा लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं याच्यावरच फिरलं.

बंड्या माण तालुक्यातला. २०१८ ला आयटीआयचा मशिनिस्ट ट्रेड पास झाला, तो दोन वर्षांचा असतो, मग एक वर्ष अ‍ॅप्रेंटिसशिप केली आणि तिथून आमच्याकडे ऑपरेटर म्हणून आला. २०२२ च्या जूनमध्ये त्याचं वय २३, हातात ओव्हरटाइम धरून साडेसोळा हजार, राहायला चौघांत एक खोली.

ऑपरेटरचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, लावायचा, क्लॅम्प आवळायचा, सायकल स्टार्ट. दार उघडलं की हवा मारायची, बर काढायची, गेज घालून बघायचं, पुढचा जॉब लावायचा. याला शॉपमध्ये "बटण दाबणारा" म्हणतात आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. सेटरचं काम वेगळं. फिक्स्चर (जॉब पकडायची चौकट) बसवणं, ट्रू करणं म्हणजे अगदी सरळ आणणं, टूल लावणं, ऑफसेट घेणं म्हणजे टूलची लांबी आणि जॉबची जागा मोजून मशीनला सांगणं, पहिला नग काढून क्वालिटीकडून पास करून घेणं, आणि मग मशीन ऑपरेटरच्या ताब्यात देणं. सेटरला तेव्हा आमच्याकडे २८ हजार होते. मशीन एकच, कंट्रोल एकच, पण पगारात साडेअकरा हजाराचा फरक.

अडचण काय होती

अडचणी दोन होत्या, एक शॉपची आणि एक बंड्याची, आणि दोन्ही एकमेकींत अडकल्यात हे आम्हाला फार उशिरा कळलं.

शॉपची अशी की आमच्याकडे सेटर दोनच. एक काका, पंचावन्नच्या आसपास, हाताने चालवायच्या मिलिंग मशीनच्या काळातले. दुसरा तरुण, तो जुलैत चाकणला गेला. मग चार व्हीएमसीला एकटे काका. एक सेटिंग बदलायला सरासरी अडीच तास लागायचे, आमचा मशीनचा तासाचा रेट ४५० रुपये, आणि बऱ्याचदा दोन-दोन मशीन काका मोकळे व्हायची वाट बघत उभ्या असायच्या, ऑपरेटर बाजूला स्टुलावर मोबाईल बघत. मालक चिडायचे, मी काकांवर चिडायचो, काका सगळ्यांवर.

बंड्याची अडचण त्यानेच मला चहाच्या टपरीवर सांगितली. तो गुपचूप चाकणला एका कंपनीत इंटरव्ह्यू देऊन आला होता. तिथल्या माणसाने विचारलं सेटिंग येतं का, हा म्हणाला "बघितलंय". तो म्हणाला, बघितलंय म्हणजे? केलंय का? इंटरव्ह्यू तिथंच संपला.

"सर, तीन वर्षं मी काकांच्या मागं उभा राहून बघतोय. पण हात लावू देत नाहीत कोणी."

खरंच होतं ते. आणि आम्ही हात का लावू देत नव्हतो तर मशीन तीस लाखाची, कोणी ठोकली तर काय. म्हणजे सेटर हवा पण शिकताना कोणाच्या हातून काही चुकायला नको, अशी आमची अपेक्षा. आता लिहिताना हसू येतं, तेव्हा ते अगदी शहाणपणाचं वाटायचं.

समोर कुठले पर्याय होते

बंड्यासमोर चार रस्ते होते आणि आम्ही टपरीवर दोन-तीन संध्याकाळी त्यावरच बोललो.

त्याच्या दादाचं म्हणणं, कंपनी बदल. चाकणला मोठ्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर ऑपरेटर म्हणून लागला तर हजार-दोन हजार जास्त आणि कँटीन फुकट. पण तिथे एका पार्टची लाईन वर्षानुवर्षं तीच चालते, म्हणजे आमच्याकडे निदान रोज नवीन सेटिंग डोळ्यांना तरी दिसत होतं, तिथे तेही बंद. मी नको म्हणालो. त्यात माझा स्वार्थ नव्हता असं नाही, मला ऑपरेटर सोडायचा नव्हता, पण सल्ला तरी चुकीचा नव्हता.

दुसरा, प्रायव्हेट क्लास. तीन महिने, ३२ हजार, दारावर "१०० टक्के जॉबची हमी" चा बोर्ड. बंड्या एका रविवारी बघून आला. बॅचला अठरा पोरं आणि मशीन एक, तीही त्या दिवशी बंद. अठरा जणांत एक मशीन म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला किती वेळ येतो हा हिशोब त्यानेच मांडला आणि त्यानेच फी भरायची नाही असं ठरवलं. सगळे क्लास असे असतात असं मी म्हणत नाही. संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी नीट मशीनवर शिकवतात, पण तिथे जायचं तर नोकरी सोडायला लागणार आणि घरी दर महिन्याला सात हजार पाठवायचे ते थांबणार.

तिसरा, डिप्लोमा. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला अ‍ॅडमिशन मिळू शकते. चांगला रस्ता, मी आजही पोरांना सांगतो. पण पुन्हा तेच, पगार बंद.

चौथा, आहे तिथेच शिकायचं. पैसे लागणार नव्हते पण बाकी सगळं लागणार होतं, काकांची मर्जी, माझी परवानगी, मशीनचा मोकळा वेळ. बंड्याने हा निवडला. निवडला म्हणण्यापेक्षा बाकीचे गळून पडले आणि हा उरला.

पहिले दहा आठवडे: वही भरली, हात कोरा

इथे पहिली चूक झाली आणि ती फार सरळ वाटणारी चूक आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बंड्याला वाटलं सेटर व्हायचं म्हणजे प्रोग्रॅमिंग आलं पाहिजे. त्याने दोनशे पानी वही घेतली, रूममेटचा जुना लॅपटॉप घेतला, ब्राउझरमध्ये चालणारा एक फुकटचा सिम्युलेटर शोधला आणि रोज रात्री जेवण झाल्यावर दीड तास प्रोग्रॅम लिहायला लागला. जी०० म्हणजे रॅपिड, टूल न कापता भरकन हलतं, जी०१ म्हणजे फीडने कट, जी८३ ने खोल ड्रिल थांबत-थांबत, जी८४ ने टॅप. एम८ चा टॅप, पिच १.२५, ४०० आरपीएमला फीड ५०० यायला पाहिजे नाहीतर टॅप तुटणार, असले हिशोब पानंच्या पानं. दहा आठवड्यांत चाळीस प्रोग्रॅम. मी वही बघितली आणि खरं सांगतो, खूश झालो, मालकांनाही दाखवली.

मग सप्टेंबरात एका रविवारी मेंटेनन्ससाठी मशीन मोकळी होती, मी म्हटलं चल, हा व्हाइस (जॉब पकडायचा शिकंजा) टेबलावर लाव, ट्रू कर, आणि या जुन्या हाउसिंगच्या बोअरचं, म्हणजे मोठ्या भोकाचं, सेंटर काढून जी५४ मध्ये टाक. जी५४ म्हणजे जॉबचा शून्य कुठे आहे ते मशीनला सांगायची जागा.

व्हाइस ट्रू करणं म्हणजे फिक्स जबड्यावर डायल (सुईचं मापयंत्र) लावायचा, टेबल एक्समध्ये, म्हणजे आडवं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवायचं आणि सुई हलली नाही पाहिजे, आमच्याकडे १५० मिमीत मिलिमीटरचे दोन शतांश चालायचं. बंड्याने दोन्ही बोल्ट सैल केले आणि हातोडी मारली, व्हाइस पूर्ण फिरला. मग दोन्ही बोल्ट आवळून मारली, हललाच नाही. पुन्हा सैल. घामाघूम. बावीस मिनिटं गेली. बोअरचं सेंटर काढताना आणखी गंमत, डायल स्पिंडलला लावून हाताने फिरवला, उजवीकडे दहा शतांश जास्त दाखवतोय म्हणून याने टेबल दहाच शतांश सरकवलं, सुई पलीकडच्या बाजूला तेवढीच गेली. परत इकडे, परत तिकडे. फरकाच्या अर्धं सरकवायचं असतं. हे चाळीस प्रोग्रॅममध्ये कुठे लिहिलेलं नव्हतं.

आणि मुख्य म्हणजे आमच्या शॉपमध्ये प्रोग्रॅम लिहायला माणूस होताच! ड्रॉइंग आलं की ऑफिसमधला एक मुलगा कॅम सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम बनवून द्यायचा. शॉपचं दुखणं वेगळंच होतं, सेटिंगचे ते अडीच तास. बंड्या जे रोज घोटत होता ते त्याला जमायलाही लागलं होतं आणि आवडायलाही, पण त्याची कोणाला गरज नव्हती. दहा आठवडे फुकट गेले असं मी म्हणणार नाही, पुढे प्रोग्रॅम वाचता आला म्हणूनच तो एकदा बचावला, ते पुढे येईल. पण हीच परीक्षा मी जूनमध्ये घेतली असती तर ते दहा आठवडे वेगळ्या कामी लागले असते. मला सुचलं नाही.

दुसरा प्रयत्न: एकेक तुकडा, घड्याळ लावून

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही सेटिंगचे तुकडे पाडले. व्हाइस किंवा फिक्स्चर ट्रू करणं. सेंटर किंवा कॉर्नर काढणं. टूल लावून लांबीचे ऑफसेट घेणं. पहिला नग मोजून ऑफसेटमध्ये करेक्शन देणं. आणि ड्रॉइंग वाचून कुठलं माप आधी जपायचं ते ओळखणं. एका वेळी एकच घ्यायचं असं ठरलं.

वेळ कुठून काढायचा? शिफ्ट रात्री साडेआठला बदलायची आणि त्यानंतर अर्धा तास एखादी मशीन तरी थांबलेली असायची. तो अर्धा तास आणि महिन्यातले दोन रविवार. जॉब रिजेक्शनच्या बिनमधले. नियम एक, काका किंवा मी जवळ नसताना सायकल स्टार्ट दाबायचं नाही. डायल, हँडव्हील, हातोडी यावर बंधन नाही.

पहिले तीन आठवडे नुसता व्हाइस. लाव, ट्रू कर, वेळ लिही, मुद्दाम वाकडा कर, परत ट्रू कर. वहीत तारखेपुढे मिनिटं: २२, १९, २१, १७, १७, १२. मग पाच दिवस १२ वरच अडकला. तेव्हा काकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, जाता जाता, त्याच्याकडे न बघता. "एका बाजूचा बोल्ट नुसता टेकवून ठेव रे, व्हाइस त्याच्याभोवती फिरतो. त्या टोकाला शून्य कर, दुसऱ्या टोकाला जाऊन टिचकी मार. मारतोस काय दगड फोडल्यासारखं." दुसऱ्या दिवशी ८. आठवड्याच्या शेवटी ६.

ही मिनिटं लिहिण्याची आयडिया बंड्याची स्वतःची, मी कधीच सुचवली नसती. पण तिच्यामुळे एक झालं, कुठे अडलोय ते रोज दिसायचं आणि मालकांनाही दाखवता यायचं. "शिकतोय" या शब्दाचं मालक काही करू शकत नाहीत. बावीसचे सहा झाले म्हटल्यावर त्यांनी स्वतःच कॅल्क्युलेटर काढला.

काकांचं काय करायचं

काका शिकवत का नव्हते याचं सगळ्यांचं उत्तर तयार होतं, जुना माणूस, खडूस आहे. मीही तेच समजायचो. एकदा जेवणाच्या सुट्टीत काका एवढंच म्हणाले, "हा शिकला की शेठ मला किती दिवस ठेवतील, तुम्हीच सांगा." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण खरंच कोणी विचार केलेला नव्हता.

इथे निर्णय घ्यायची वेळ होती. काकांना बाजूला ठेवून मी शिकवू शकलो असतो, पण मला जे येत होतं ते पुस्तकी, काकांच्या हातातलं नाही. किंवा मालकांकडून काकांवर जोर टाकायचा, म्हणजे ते शिकवल्यासारखं करणार आणि मुद्द्याचं झाकून ठेवणार. तिसरं, काकांना यातून काहीतरी मिळालं पाहिजे. मी मालकांशी बोललो, काकांना "सेटिंग इनचार्ज" करून दोन हजार वाढवायला लावले, आणि नवीन सेटर तयार झाला तरी काकांना रात्रपाळी लागणार नाही हे त्यांच्यासमोर कबूल करून घेतलं. गुडघे दुखायचे त्यांचे, पैशापेक्षा त्यांना रात्रपाळीचं जास्त पडलं होतं. हे मला आधी माहीत असतं तर जुलैतच सुटलं असतं.

बंड्याने आपल्या बाजूने एक हुशारी केली. काकांना कॉम्प्युटरचा कंटाळा. प्रोग्रॅम कार्डवर टाकून मशीनमध्ये घ्यायचा, सेटिंग शीट भरायची, ही कामं ते टाळायचे. बंड्याने ती सगळी अंगावर घेतली. मग सेटिंग शीट भरायची तर विचारावंच लागणार ना, काका हे टूल किती बाहेर ठेवलं, हा क्लॅम्प इकडून का. आणि उत्तरं यायला लागली. इन्सर्टची, म्हणजे टूलला लावलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, धार गेली की मशीनचा आवाज कसा बदलतो, चिप निळी पडायला लागली तर काय समजायचं, अ‍ॅल्युमिनियमचा जॉब गरम असताना का मोजायचा नाही. हे शेवटचं विसरू नका.

टूल ठोकलं तो दिवस

नोव्हेंबरात बंड्या काकांच्या नजरेखाली अख्खं सेटिंग करायला लागला होता. एका शुक्रवारी माल संध्याकाळी पाठवायचाच होता, कस्टमरचे फोनवर फोन. काका चहाला गेलेले. मी लांबूनच ओरडलो, "अरे चालू कर ना, कोणाची वाट बघतोय!" म्हणजे जो नियम मी केला तो मीच मोडला.

झालं असं की सात नंबरचं टूल, बारा मिमीचं कार्बाइड ड्रिल, त्याच्या ओळीत जी४३ पुढे एच०७ पाहिजे तिथे एच०६ राहिलं होतं. जी४३ म्हणजे टूलची लांबी धर, आणि एच म्हणजे कुठल्या नंबरची लांबी. जुना प्रोग्रॅम कॉपी करून बदललेला, त्यात एक आकडा सुटला. सहा नंबरच्या टूलपेक्षा सात नंबरचं ४७.८ मिमी लांब. मशीनला वाटतंय टूल छोटं आहे. प्रोग्रॅमप्रमाणे ड्रिल आधी जॉबच्या वर ५० मिमीवर येऊन थांबतं आणि मग रॅपिडने खाली येतं. ते ५० वर आलं तेव्हा खरं अंतर होतं दोन मिमी. दोन! डोळ्याला दिसणारी गोष्ट आहे ती, पण सिंगल ब्लॉक, म्हणजे एकेक ओळ थांबत चालवायची सोय, चालू नव्हता, रॅपिड पूर्ण होता, कोणी बघायच्या आत पुढची ओळ आली. असा आवाज झाला की लेथवरची माणसंही थांबली.

ड्रिलचे तुकडे, फिक्स्चरला खड्डा, जॉब गेला. स्पिंडल तपासला, तो वाचला. सगळं मिळून नऊ हजाराच्या आसपास.

मालक घरी होते. एक जण बंड्याच्या कानाला लागला, सांग टूलच खराब होतं, ड्रिल तुटतातच. बंड्याने प्रोग्रॅम वरून खाली वाचला, ती ओळ सापडली, मोबाईलवर फोटो काढला आणि मला आणून दाखवला. इथे ते चाळीस प्रोग्रॅम कामाला आले. चूक नेमकी सापडली म्हणून "मशीनमध्ये काहीतरी आहे" असलं बोलायची वेळच आली नाही. मालकांना फोन त्यानेच केला, मी शेजारी उभा होतो आणि मी चालू कर म्हणालो होतो हे मीच सांगितलं.

मालकांना पैसे पगारातून कापायचे होते. मी नको म्हणालो, कारण कापले तर पुढच्या वेळी शॉपमधला कोणीच ओळ शोधून दाखवणार नाही, सगळे ड्रिलवर ढकलतील. दोन दिवस वाद झाला. शेवटी पैसे कापले नाहीत, पण महिनाभर बंड्याचं सेटिंग बंद. मला ती शिक्षा जास्त वाटली. काकांना बरोबर वाटली.

त्या महिन्यात त्याने एक कार्ड बनवलं, मशीनच्या दारावर चिकटवायला. टूल नंबर, लांबीचा एच नंबर, व्यासाचा डी नंबर एकच आहे का. नवीन प्रोग्रॅम सिंगल ब्लॉकवर, रॅपिड २५ टक्के. प्रत्येक टूल जॉबच्या वर आलं की फीड होल्ड (मशीन जागच्या जागी थांबवायचं बटण) दाबायचं, स्क्रीनवर "डिस्टन्स टू गो" किती राहिलंय ते वाचायचं आणि टूलच्या खाली खरंच तेवढी जागा आहे का ते पट्टीने बघायचं. चांगले सेटर हे करतातच, काका डोळ्याने करायचे. आमच्याकडे ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं एवढंच.

शेवटी काय झालं

जानेवारी २०२३ पासून बंड्या परत सेटिंगला. मार्चपर्यंत त्याच्या हाताखालच्या दोन मशीनचं सेटिंग अडीच तासावरून सव्वा तासाच्या आसपास आलं. यात त्याच्या हाताचा वेग एक भाग आणि सेटिंग शीट दुसरा, कारण आता कुठलं टूल किती बाहेर ते आधीच लिहिलेलं असायचं, शोधत बसायला लागायचं नाही. एप्रिलमध्ये त्याला सेटर केलं.

पगार? २१ हजार. २८ नाही. मालकांचं म्हणणं, आम्हीच शिकवला, नऊ हजाराचं नुकसान सोसलं, अजून वर्षभर बघू. बंड्या काही बोलला नाही. मीही जेवढं बोलायला पाहिजे होतं तेवढं बोललो नाही.

२०२४ च्या जानेवारीत त्याने राजीनामा दिला. चाकण, २९ हजार. तिथे इंटरव्ह्यू म्हणजे तोंडी काही नाही, मशीन, ड्रॉइंग आणि दीड तास. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये २५ एच७ चा बोअर, म्हणजे २५.००० ते २५.०२१, एकवीस मायक्रॉनचा खेळ. पोरगा बोअर काढून मोजायला जाणार तेवढ्यात थांबला, कूलंट मारला, जॉब पुसला, पाच मिनिटं तसाच ठेवला आणि मग बोअर गेज घातला. अ‍ॅल्युमिनियम दहा डिग्रीने गरम असेल तर २५ चा बोअर जवळपास सहा मायक्रॉन मोठा दाखवतो, एकवीसातले सहा इथंच जातात. परीक्षा घेणाऱ्याने विचारलं, का थांबलास? हा म्हणाला, आमचे काका गरम जॉब मोजू देत नाहीत. पुढचं काही फार विचारलं नाही म्हणे.

मालक आजही म्हणतात, शिकवलं आणि गेला. मला ते पटत नाही. साडेसोळा हजारावर होता, आम्हाला दहा महिने दोन मशीन निम्म्या वेळात सेट करून दिल्या, आणि बाजारात त्याला जेवढे मिळत होते त्याहून आठ हजार कमी देऊन आम्ही त्याला धरून ठेवायला बघत होतो.

परत करायचं झालं तर

बंड्याशी मध्ये फोनवर बोललो तेव्हा त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, पहिल्या दिवशी काकांनाच विचारलं असतं की तुम्हाला कुठल्या कामाचा सगळ्यात जास्त कंटाळा येतो, आणि तिथून सुरू केलं असतं. प्रोग्रॅमिंग नंतर. आणि पगाराचं आधी बोललो असतो, ही कामं या तारखेपर्यंत एकट्याने करून दाखवली तर एवढे, हे कागदावर नाही तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी.

माझ्या बाजूने तीन गोष्टी. रविवारची ती परीक्षा सुरुवातीला, दहा आठवड्यांनी नाही. काकांची भीती काय आहे ते पोराला मशीनवर उभं करायच्या आधी विचारायचं. आणि शिकणाऱ्याला घाईच्या मालावर लावायचं नाही, लावलंच तर लांबून ओरडायचं नाही. शेवटचं मला अजूनही जमत नाही, परवाच एकाला ओरडलो.

सरावासाठी दिलेला अर्धा तास पगारात धरायला पाहिजे होता का, यावर मी आणि बंड्या अजून भांडतो. तो म्हणतो नको, पैसे घेतले असते तर शेठने त्या अर्ध्या तासात पण नग मागितले असते. मला वाटतं धरायला पाहिजे होता. रोज बारा तास झाल्यावर वर अर्धा तास उभा राहणारा पोरगा दरवेळी मिळत नाही, आणि जो थकून घरी जातो त्याला शिकायची हौस नाही असं समजणं बरोबर नाही.

त्याची वही त्याने जाताना काकांना दिली. सध्या ती काकांच्या ड्रॉवरमध्ये असते, व्हाइसच्या मिनिटांचं पान झेरॉक्स करून मशीनवर लावलंय. काकांना पुढच्या वर्षी गावी जायचंय, म्हणून मालक परवा म्हणाले, बंड्यासारखा एखादा पोरगा बघ. मी म्हटलं बघतो, पण सेटर झाल्यावर किती देणार तो आकडा आधी लिहून द्या. त्यांनी कागद घेतला, पेन हातात धरून थोडा वेळ बसले, आणि म्हणाले, सोमवारी बोलू.